गाठोडं कुणाचं होतं

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही, आणि याचाही दोष ती मलाच देते, कारण वरच्या मजल्यावरचं घर मी पसंत केलं. औषधाच्या दुकानात माझं बरं चाललंय. मालकांनी आता चिठ्ठ्या तपासायचं काम माझ्याकडे दिलंय. डॉक्टरांची चिठ्ठी, खोक्यावरचं नाव आणि औषधाची मात्रा, तिन्ही जुळल्याशिवाय काही काउंटरवर जात नाही. मी सगळं दोनदा बघते म्हणून रांग लांबते. मालक म्हणतात, "तुझ्या हातून कुणी मरणार नाही हे नक्की, पण रांगेत उभं राहून मरेल."

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. उघडण्याआधी मला वाटलं, इतक्या महिन्यांनी मावशीने सविस्तर पत्र लिहिलं. आत छापील तक्रारींचा गठ्ठा निघाला आणि त्यावर तुझी दोन ओळींची चिठ्ठी, की टीव्हीवर तुमच्या निवासाच्या गुरूंची, थोरल्यांची, बदनामी चालली आहे, इमारतीतल्या आणि दुकानातल्या लोकांच्या सह्या घेऊन वाहिनीला पाठव. चिठ्ठी मी तीनदा वाचली. माझी चौकशी नव्हती म्हणून नाही. म्हणजे, तेही थोडं होतंच.

तो कार्यक्रम मी पाहिला. आई रोज लावते, मग मलाही दिसतो. बुधवारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि आईने बाहेरून हाक मारली, "ये गं, तुझी मावशी आली."

मी सुरी हातात घेऊनच दाराकडे धावले. दारात कुणी नव्हतं. तू टीव्हीवर होतीस.

निवासाच्या फाटकापाशी उभी राहून तू रडत होतीस. हातात ते निळ्या चादरीचं गाठोडं, मागे आणखी तिघीचौघी. निवेदक सांगत होता, "स्वतःला थोरले म्हणवून घेणाऱ्या या माणसाने एका रात्रीत घराबाहेर काढलेल्या बायकांचा हा आक्रोश." मग तुझा चेहरा मोठा करून दाखवला. मग पुन्हा एकदा. मागे कसलंसं रडकं संगीतही होतं.

आई म्हणाली, "बघ. मी सांगत होते ना, एक दिवस गाठोडं घेऊन परत येईल. आता येईल इकडेच."

मी म्हटलं, "आई, हे आत्ताचं नाहीये. हा निवासातली शिवणकाकू वारली, तिला नेलं त्या दिवसाचा प्रसंग आहे. गाठोड्यात काकूचे कपडे आहेत. तिचा मुलगा गाडी घेऊन आला होता, त्याला द्यायचे होते. मी तिथे होते."

"असशील. रडतेय ती खरीच ना?"

"रडतेय ती खरीच."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि आवाज वाढवला.

मावशी, त्या चित्राच्या डाव्या कडेला एक तपकिरी पट्टा आणि अर्धी बाही दिसते. ती माझी आहे. तुझी पिशवी मी धरली होती. रस्त्यापलीकडे कॅमेरावाला उभा होता, तोही मला आठवतो. तो भिंतीच्या वादाची बातमी करायला आला होता. तुमची नवी भिंत रस्त्यात येते की नाही, त्याबद्दल. जाताजाता त्याने आपल्याला टिपून ठेवलं आणि आता तेच काढून दुसऱ्या गोष्टीला चिकटवलं. थोरल्यांनी कुणाला घराबाहेर काढलंय की नाही, मला माहीत नाही. काढलं असेल, नसेल. पण तुला काढलेलं नाही, आणि ते गाठोडं तुझं नव्हतं, एवढं मला माहीत आहे. मला इतका राग आला की कांदा तसाच राहिला.

तेव्हा तक्रार मी करणार. नक्की करणार. पण तुझ्या छापील कागदावर सही करता येत नाहीये, आणि दुसऱ्या कुणाची घेताही येत नाहीये. त्यात लिहिलंय, "मी निवासास वेळोवेळी भेट दिली असून तेथे कोणत्याही स्त्रीवर बंधन नाही, कुणाचेही औषधपाणी थांबवले जात नाही, व वाहिनीने दाखवलेले सर्व असत्य आहे, हे मी स्वतः पाहिले आहे."

समोरच्या बसड्रायव्हर काकांनी तुमचं निवास बसच्या खिडकीतून पाहिलंय, तेही पन्नासच्या वेगात. ते यावर सही कशी करणार? मागशील तर करतील म्हणा. नोकरीत असताना साहेबाने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी सही केली, असं तेच सांगतात.

आणि माझं म्हणशील तर तूच मला लिहायला शिकवलंस. मी दम लागणारी पोर, शाळेत धुळीने गुदमरते म्हणून घरी ठेवलेली. आई कामावर आणि आपण दोघी जेवणाच्या टेबलाशी, दोन पेन्सिली घेऊन. डोळ्यांनी पाहिलेलं निळीने लिहायचं, कानावर आलेलं तांबडीने. मी एकदा निळीने लिहिलं, "पोस्टमन चिडका आहे." तू पुसायला लावलंस. "तो आज चिडलेला दिसला, एवढंच निळं. चिडका आहे हे तुला कुणी सांगितलं?" मी इतकं पुसायचे की कागद फाटायचा, आणि तू माझं नाव खोडरबर ठेवलंस. "तांबडं खोटं नसतं," तू म्हणायचीस, "पण त्याला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुणाकडून?"

तुझ्या छापील कागदातली सगळी वाक्यं निळ्यात लिहिली आहेत, मावशी, आणि ती तशी नाहीत. त्यातलं औषधाचं वाक्य तर

असो. त्याबद्दल नंतर.

आईला मी लिहितेय ते माहीत आहे. तिने काही निरोप दिला नाही. फक्त विचारलं, "थंडीचं पांघरूण आहे का विचार." ते विचारते आहे.

तुझी,
खोडरबर


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असं मी मानते. पोचलं नसेल तर निवासाच्या कारभाऱ्यांना विचार, टपाल पहिलं त्यांच्याकडे जातं असं तूच मला सांगितलं होतंस. (हे तांबडं. आलं तुझ्याकडून.)

आधी चांगली बातमी. तक्रारी गेल्या, आणि बऱ्याच गेल्या. तुझा गठ्ठा मी वापरला नाही. मी एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहिलं, "पाच फेब्रुवारीच्या कार्यक्रमात गाठोडं घेऊन रडणाऱ्या बाईचं जे चित्र दाखवलं ते कुठल्या दिवसाचं, आणि ती बाई का रडत होती, हे वाहिनीने सांगावं." आणि लोकांना म्हटलं, हे तुमच्या शब्दांत लिहा आणि तुमच्या नावाने पाठवा. थोरले चांगले की वाईट हे लिहू नका, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. प्रश्न विचारायला निळी पेन्सिल लागत नाही.

मला दारोदार जाऊन बोलायचं म्हणजे काय वाटतं ते तू जाणतेस. बसड्रायव्हर काकांच्या बेलवर बोट ठेवून मी किती वेळ उभी होते, कोण जाणे. शेवटी त्यांनीच दार उघडलं. म्हणाले, "वाजव तरी नाहीतर जा तरी, मघापासून तुझ्या चपला दिसताहेत खालच्या फटीतून."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बसला एकदा अपघात झाला होता. माझी चूक नव्हती. पण पेपरात फोटो छापला तो आधीच्या वर्षीच्या अपघाताचा, त्यात बस उलटी. माझी बस सरळ उभी होती, फक्त दिवा फुटला होता. बायको आजही लोकांना सांगते की तुमच्या काकांनी बस उलटी केली." आणि बसून सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात त्यांनी तक्रार लिहिली.

खालच्या मजल्यावरच्या पार्लरवालीने मात्र मला तासभर घोळवलं. "अगं, तो माणूस बरा नाहीच. अख्खं गाव म्हणतं. मग त्याच्याबद्दल जरा इकडचं तिकडे दाखवलं तर बिघडलं काय?"

मी म्हटलं, "उद्या तुमच्या दारातून कुणी रडत बाहेर पडली आणि टीव्हीवर दाखवलं, की इथे चेहरे भाजतात?"

"माझ्या दारातून रडत जातातच की काही जणी, भुवया बघून."

"पण भाजलं म्हणून नाही."

"भाजलं म्हणून नाही," ती म्हणाली. थोडा वेळ कात्री पुसत बसली. "आणि तो खरंच वाईट असेल तर?"

"तर मग त्यांनी खरं ते दाखवावं. खरं असताना खोटं कशाला लागतं?"

हे मी इतक्या ठामपणे म्हटलं, मावशी, की माझंच मला नवल वाटलं. तिने लिहिलं. वर आपल्या गिऱ्हाइकांकडून लिहून घेतलं. डोक्याला रंग लावून बसलेल्या बायकांना दुसरं काम नसतं, म्हणाली. मालकांनीही लिहिलं. ते निवासाच्या बाजूचे नाहीत, विरुद्धही नाहीत. ते फक्त चुकीच्या चिठ्ठ्यांच्या विरुद्ध आहेत.

मग या मंगळवारी दुकानात फोन आला. वाहिनीच्या तक्रार विभागातली बाई. आवाज माझ्यापेक्षाही लहान वाटला. म्हणाली, "इतक्या तक्रारी एकाच चित्राबद्दल आल्या की आम्हाला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही तिथे हजर होता असं तुमच्या पत्रात आहे. ती बाई बेघर झालेली नाही?"

"नाही. ती आजही तिथेच राहते."

"मग गाठोडं कुणाचं होतं?"

"दुसऱ्या बाईचं. त्याच दिवशी गेली होती ती. निवासात सगळ्यांचे कपडे शिवायची."

"अरेरे. कशाने गेल्या?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं. माझ्या हातात त्यांची चिठ्ठी होती. मी म्हटलं, "लिहून कळवते," आणि फोन ठेवला. मग ती चिठ्ठी मी तिसऱ्यांदा तपासली आणि तरी मात्रा काय लिहिली आहे ते मला दिसेना. मालकांनी हातातून घेतली.

आता मागच्या पत्रात अर्धवट सोडलं ते.

शिवणकाकू लहानपणापासून सुईवर होती. तिचं इन्सुलिन आमच्याच दुकानातून जायचं, दर महिन्याला तुमचा माणूस नेत असे. त्या महिन्यात कुणी आलं नाही. तिच्या नावाचं खोकं फ्रिजच्या खालच्या फळीवर तसंच राहिलं. मी रोज फ्रिज उघडायचे आणि ते तिथेच. म्हणून बर्फाच्या थैल्या घालून मी स्वतः ते घेऊन आले. तू फाटकापाशी आलीस. मी खोकं तुझ्या हातात दिलं. तू म्हणालीस, "थोरले म्हणालेत, आता तिला सुईची गरज उरली नाही. पण दे, मी बघते."

पुढच्या आठवड्यात मी तुझी पिशवी धरून त्याच फाटकापाशी उभी होते.

मी तेव्हा विचारलं नाही. तू रडत होतीस, आणि तुला रडताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा तू भांडी घासत होतीस. मला वाटलं, नंतर विचारेन. मग ते नंतर काही आलंच नाही. तूही पत्र लिहायची थांबलीस, आणि मी स्वतःला सांगितलं की तू कामात असशील.

आता वाहिनी विचारते आहे, ती बाई का रडत होती. आणि हा प्रश्न विचारायला लोकांना मीच शिकवलं, मावशी. घरोघरी जाऊन शिकवलं.

म्हणून तुला विचारते. ते खोकं कुठे गेलं?

ओरडून विचारत नाहीये. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून विचारावं तसं विचारतेय.

पांघरुणाचं तू कळवलं नाहीस. आईने कालही विचारलं.

तुझी,
खोडरबर


गुरुवार, ६ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र आलं. अक्षर तुझंच आहे. वाक्यं तुझी वाटली नाहीत. "जाणाऱ्याची वेळ ठरलेली असते." "बाहेरच्यांच्या हाती कोलीत देऊ नये." "जेवढे विचारले तेवढेच सांगावे." तू मला एक परिच्छेद दहादा लिहायला लावायचीस, पण असलं वाक्य तू एकदाही खपवून घेतलं नसतंस. जो विचारलं तेवढंच सांगतो तो पोपट, असं तूच म्हणायचीस.

खोक्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. खोकं मिळालंच नाही, असंही तू लिहिलेलं नाहीस. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. तुला खोटं लिहायला सांगितलं असणार आणि तू ती जागा सोडून दिलीस, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे तांबडंसुद्धा नाही, नुसती आशा.

आता इकडचं सांगते. वाहिनीच्या त्या बाईचा पुन्हा फोन आला. या वेळी तिच्याबरोबर तिचे साहेब होते. त्यांचा आवाज फार गोड. म्हणाले, "एक बाई औषधाविना गेली असेल तर ती मोठी बातमी आहे. तुम्ही कॅमेऱ्यासमोर याल का?"

औषधाविना हा शब्द मी उच्चारला नव्हता. मी एवढंच म्हटलं होतं की मी औषधाच्या दुकानात काम करते आणि लिहून कळवते. बाकीचं त्यांनी जुळवलं. कदाचित बरोबर जुळवलं. तरी मला ते आवडलं नाही.

मी विचारलं, "आणि त्या चित्राचं काय? ते चुकीचं होतं हे तुम्ही सांगणार ना?"

"ती किरकोळ गोष्ट आहे हो. याच्यापुढे ते चित्र कुणाच्या लक्षात राहतंय?"

"माझ्या मावशीच्या लक्षात राहील."

"म्हणजे ती तुमची मावशी?"

मावशी, मी तिथेच थांबायला हवं होतं. आता त्यांना ते कळलंय. तुझं नाव मी सांगितलं नाही. पण मावशी म्हटलं, ते म्हटलं. माझ्या तोंडून गेलं आणि ते खोडता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. खोक्याचं तिला आजवर ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ती म्हणेल, बघ, मी सांगत होते. तुला निवासात जाऊन जेवढी वर्षं झाली, तेवढी वर्षं ती तेच म्हणतेय. टीव्ही चालू होता, तोच कार्यक्रम. आईने तो बंद केला. बराच वेळ आपला गुडघा चोळत बसली.

मग म्हणाली, "तू तिचं नाव घालू नकोस."

"आई, तूच तर रोज..."

"मी म्हणेन ते म्हणेन. माझी बहीण आहे. मी शिव्या घालीन. त्या दाढीवाल्यासाठी तिने घर सोडलं, तुला सोडलं, मी शंभरदा म्हणेन. पण तिच्या अंगावर कुत्री सोडायची नाहीत. कळलं?"

"आणि काकूचं काय?"

आई पाणी प्यायला उठली. स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुला हे असलं शिकवलं कुणी? तिनेच ना? मग तिलाच विचार काय करायचं ते."

पण मी तुला विचारत नाही, सांगते. फक्त सगळ्यांच्या आधी सांगते.

मी वाहिनीला एक कागद लिहिला आहे. साध्या पेनाने नाही, आपल्या पद्धतीने. साहेब हसतील, हसू देत. त्याची नक्कल या पाकिटात आहे, पण इथेही उतरवते, म्हणजे पाकीट दुसऱ्या कुणी उघडलं आणि एक कागद वाटेत गळला तरी दुसरा राहील.

निळ्यात लिहिलंय:

"तुम्ही दाखवलेलं चित्र निवासातल्या शिवणाऱ्या बाईंना नेलं त्या दिवसाचं आहे. मी तिथे उभी होते. चित्राच्या कडेला दिसणारी बाही माझी आहे. गाठोडं गेलेल्या बाईंचं होतं. ते धरणाऱ्या बाईला कुणी घराबाहेर काढलेलं नाही. तुम्ही सांगितलंत ते खोटं आहे, आणि त्याच वारी, त्याच वेळेला, जितका वेळ ते दाखवलंत तितकाच वेळ ते दुरुस्त करावं. गेलेल्या बाईंना लहानपणापासून इन्सुलिन लागत असे. शेवटच्या महिन्यात ते न्यायला कुणी आलं नाही. मी स्वतः खोकं नेऊन फाटकापाशी निवासातल्या एका व्यक्तीच्या हातात दिलं. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या."

तांबड्यात लिहिलंय:

"त्याच व्यक्तीने मला सांगितलं की सुईची गरज उरली नाही असं थोरले म्हणाले. थोरल्यांना तसं म्हणताना मी ऐकलेलं नाही."

आणि शेवटी पुन्हा निळ्यात, "यातला एक भाग वाचून दुसरा गाळला, तर तो कोणता गाळला हे मी ज्यांनी ज्यांनी तक्रार केली त्या सगळ्यांना जाऊन सांगेन, आणि ते पुन्हा लिहितील."

बसड्रायव्हर काकांना आणि पार्लरवालीला मी विचारून ठेवलंय. पार्लरवाली म्हणाली, "लिहीन की. आता हात बसलाय." हाच कागद पोलीस चौकीतही द्यावा, असं मालक म्हणाले. ते म्हणाले आणि मी हो म्हटलं. म्हणजे तेही आता होणार.

हे सगळं मी थोरल्यांना पाडायला करत नाहीये आणि वाचवायलाही नाही. तुला वाटेल, एवढंच करायचं होतं तर आमची बाजू घ्यायला निघालीस कशाला? मी तुमची बाजू घेतली नव्हती. तुझ्या रडण्याची घेतली होती. ते रडणं दुसऱ्याच कारणाला विकलं गेलं, ते मला सहन झालं नाही. पण खरं कारण सांगायचं तर ते अर्धं सांगता येत नाही. मी खूप प्रयत्न केला. तुझ्यासाठी गेल्या आठवड्यात मी चार वेगवेगळे कागद लिहिले, ज्यांत खोकं नव्हतं. प्रत्येक वेळी काकूच्या जागी कुणीच उरत नव्हतं, नुसतं एक गाठोडं.

काकूने माझा निळा फ्रॉक शिवला होता, आठवतो? मी तुला भेटायला पहिल्यांदा निवासात आले तेव्हा. माप घेताना म्हणाली, "श्वास घे, पोरी, पोट आत ओढू नकोस, कपड्याला खरं माप लागतं." ती कशावर विश्वास धरून होती, शेवटी तिला काय वाटलं, तिने खोकं मागितलं का, मला काहीच माहीत नाही. तुला माहीत आहे. एकाच खोलीत तुम्ही दोघी राहत होतात.

तांबड्या ओळीखाली मी जागा सोडली आहे. तुझ्या हस्ताक्षराच्या मापाने सोडली आहे. थोरले काय म्हणाले ते मला फक्त तांबड्यात लिहिता येतं. निळ्यात लिहू शकेल अशी मला ठाऊक असलेली एकच व्यक्ती आहे. ते म्हणालेच नसतील तर तसं लिही, मी ते तसंच पाठवेन. खोकं तू दिलंस आणि काकूनेच नाही म्हटलं असेल, तर तसं लिही. तू ते दिलं नसशील, मावशी, तर तेही लिही. तेव्हाही मी तुझीच असेन. हे निळ्यात.

पुढच्या शुक्रवारी मी कागद पाठवणार, ती जागा भरलेली असो किंवा कोरी. थांबले तर मी कायमचीच थांबेन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. तोपर्यंत दुकान बंद झालं की मी रोज निवासाच्या रस्त्याने घरी जाईन. बसथांब्यापाशी थोडी थांबेन. तुला लिहायचं नसेल, नुसतं बाहेर यायचं असेल, तर हातात काही घेऊन येऊ नकोस. गाठोडं तर नकोच.

पाकिटात निळ्या पेन्सिलीचा तुकडा घातलाय. जुनाच आहे, मी दुकानात चिठ्ठ्यांवर खूण करायला वापरते. टोक करून दिलंय.

आईने पांघरुणाचं विचारणं सोडलं आहे. काल घरी आले तर मधल्या खोलीतल्या कपाटाची उजवी बाजू तिने रिकामी केलेली होती, आणि माझे कपडे डावीकडे कोंबलेले. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती बाजू रिकामी आहे, एवढं मी पाहिलं.

रोज बसथांब्यावर असणारी,
तुझी खोडरबर